बंगळूर, पपनस आणि अण्णांचा उजवा हात

तीन दिवसांसाठी गेले आणि दहा दिवसांनी परत आले. जाताना बॅगेत चार साड्या, एक स्वेटर आणि चाळीस स्वादुपिंडं होती. स्वादुपिंडं म्हणजे अर्थात त्यांचे सीटी स्कॅन, एका हार्ड डिस्कमध्ये भरलेले, रुग्णांची नावंगावं काढून टाकलेले. तरीही विमानतळावरच्या तपासणीतल्या बाईंनी "इसमें क्या है?" असं विचारलं तेव्हा खरं उत्तर माझ्या ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

मी कराडला रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे गेली बावीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची पोटं बघते आणि बाजारात तेच लोक भेटले तर त्यांना ओळखत नाही. अशा बाईला घर, नवरा, कुकरच्या शिट्ट्या सगळं मागे टाकून एकटीने विमानात बसायला मिळालं, तर तिचं डोकं ठिकाणावर राहील अशी अपेक्षाच चुकीची आहे. खिडकीतून ढग दिसल्यावर मी शेजारच्या गृहस्थांना "ढग!" असं सांगितलंसुद्धा. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

कामाचं आधी सांगून टाकते. स्वादुपिंड म्हणजे पोटात मागच्या बाजूला दडलेली, पाचक रस तयार करणारी ग्रंथी. एरवी बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पित्ताशयातला एखादा खडा घरंगळून तिच्या वाटेत अडकला, किंवा दारू अति झाली, की तिला सूज येते आणि तिचा रस तिलाच पचवायला लागतो. बहुतेक माणसं आठवड्याभरात बरी होऊन घरी जातात. काहींचं मात्र बिघडत जातं, मूत्रपिंडं थकतात, श्वास थकतो. कोण कुठल्या वाटेने जाणार हे लवकर कळावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीने स्कॅन बघून हे भाकीत करणारं सॉफ्टवेअर तयार केलं होतं. मोठ्या शहरांतल्या स्कॅनवर ते शिकलं होतं आणि आता त्यांना लहान गावातले स्कॅन हवे होते, ज्यांचा पुढचा निकाल ठाऊक आहे असे. ते माझ्याकडे होते.

देवनहळ्ळी

विमानतळाबाहेर अण्णा डावा हात हलवत उभे होते. अण्णा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे, वय चौऱ्याहत्तर, विमा कचेरीतून निवृत्त. बहीण आणि मेहुणे सिडनीला असतात, इथे अण्णा आणि अक्का दोघंच. अक्का म्हणजे त्यांची बायको, पण अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून सुनेची माहेरची माणसंही तेच म्हणतात.

अण्णांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मुरलंय की त्यांनाही वेगळं काढता येत नाही.

"तुम्ही लोक तिकडंच मागं राहिलात गे," टॅक्सीत बसताबसता ते म्हणाले. "आम्ही पुढं आलो. सरी, आता किल्ला बघू स्वल्प, मग घरी." सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडं.

किल्ला देवनहळ्ळीचा, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. तटावर चढलो. एका बाजूला अजून द्राक्षांचे मांडव, दुसऱ्या बाजूला आखून ठेवलेले प्लॉट आणि त्यांच्या पाट्या. डाव्या हाताने तटाची भिंत धरून अण्णा सगळं हनुवटीने दाखवत होते. "तिकडं विमानतळ," हनुवटी डावीकडे. "तिकडं नंदीचा डोंगर," हनुवटी वर. मी म्हटलं, अण्णा, हाताला काय झालं? तर उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडलेला. हात कोपरापर्यंत ठीक, पण वर जायला तयार नाही.

इथलं पपनस प्रसिद्ध, चकोता म्हणतात त्याला. एका बागेच्या कुंपणाशी अण्णांनी मालकाशी कन्नडमध्ये पाच मिनिटं गप्पा मारून एक पपनस तोडायची परवानगी मिळवली. त्यांचा हात वर जाईना, म्हणून दगडावर मी चढले. पपनस निघालं, दगडही निघाला. मी सपशेल बसले आणि फळ अलगद मांडीत. मालकाने हसू आवरलं, अण्णांनी अजिबात आवरलं नाही. आमच्याकडे पपनस गणपतीपुढच्या फळांत मांडतात आणि नंतर ते कुणी खायचं यावर भांडतात. इथे ते मीठ-तिखट लावून चवीने खातात हे बघून मला स्वतःचीच लाज वाटली.

जे. पी. नगर

अक्काच्या घरी दारात तुळस आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी. कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात हातभर उंचावरून ओतायची. मी प्रयत्न केला आणि निम्मी साडीवर घेतली.

"राहू दे गे," अक्का म्हणाली. "आमच्या घरी आलेल्या तिकडच्या सगळ्या बायका पहिल्या दिवशी हेच करतात."

माझ्या येण्यानिमित्त ओबट्टू केले होते, म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त पारी इतकी पातळ की आत पुरण लाजतंय असं वाटावं. आपण वर कटाची आमटी भुरकतो. इथे वर तूप, तुपावर दूध आणि त्यावर पुन्हा तूप. अण्णांच्या पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करून घ्या म्हणून डॉक्टर वर्षभर मागे लागलेत, हे मला ताटावरच कळलं.

"साकु, आता पुरे," अक्का म्हणत होती.

"स्वल्प," अण्णा म्हणत होते, आणि त्यांचं प्रत्येक स्वल्प म्हणजे एक अख्खी पोळी होती. मी डॉक्टर असून काही बोलले नाही, कारण माझीही चौथी चालू होती. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला उरलेले ओबट्टूही असेच संपले.

इलेक्ट्रॉनिक सिटी

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसने कामावर निघाले. उंच रस्त्यावरून बस जाते तेव्हा आपण लोकांच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी समांतर असतो. एका गच्चीवर एक आजोबा सूर्यनमस्कार घालत होते, त्यांना मी बसमधून हात केला. त्यांनीही उलट केला.

कंपनीत तन्मय नावाचा नागपूरचा इंजिनियर माझी वाट बघत होता. सॉफ्टवेअर त्याच्या हातचं. संत्र्यांची आठवण काढून हळवा होणारा आणि मराठी ऐकून खुर्चीतून उठणारा माणूस.

"बाप्पा! कराडवरून आल्या तुम्ही? बसा ना मॅडम, चहा घेता का कॉफी?"

डिस्क लावली. पहिले पाच रुग्ण पुरुष. सॉफ्टवेअर म्हणालं सौम्य, सौम्य, गंभीर, सौम्य, सौम्य. नंबरांपुढे खरे निकाल लिहिलेल्या माझ्या वहीत अगदी तेच. मी टाळी वाजवली. मग बायका सुरू झाल्या. सहावी गंभीर, सातवी गंभीर, आठवी गंभीर. तरुण मुलगी आली की सौम्य, आणि म्हातारी आली की पुन्हा गंभीर. पंचविसावा स्कॅन, माझ्या वहीप्रमाणे, आमच्या कँटीनच्या शांताबाईंचा. तिथेही लाल अक्षरांत गंभीर! अहो, शांताबाई पाचव्या दिवशी कढईपुढे उभ्या राहून भजी तळत होत्या, मी स्वतः खाल्ली आहेत.

"मॅडम, मॉडेल डोळ्याला दिसत नाही असं बारीक बारीक पाहते," तन्मय कान खाजवत म्हणाला. "तुमची मशीन जुनी आहे काय?"

जुनी आहे. पण ते मी म्हणायचं, त्याने नाही. मला इतका राग आला की मी त्याच्या ताटलीतली दोन बिस्किटं खाल्ली.

"मग फक्त म्हाताऱ्याच का?" मी विचारलं. "मशीन काय आजी बघून जुनी होते?"

त्याने शांताबाईंचा स्कॅन पुन्हा घातला. पुन्हा गंभीर. परतताना मला वाटत होतं, माझ्या गावच्या आजींना कुणीतरी चारचौघांत उगीच मरणाच्या दारात बसवलंय आणि मला त्यांची बाजू मांडता आलेली नाही.

पुढचे दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला अक्काने मला उठवलं. अण्णा पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसले होते. पोटात कळ, थेट पाठीत आरपार जाणारी. वाकलं की थोडी कमी. बावीस वर्षं ज्याचे फोटो बघितले ते समोर माणूस होऊन बसलं होतं. फोटो कधी कण्हत नाहीत, अण्णा कण्हत होते.

जवळच्या इस्पितळात नेलं. रक्ततपासणीत स्वादुपिंडच निघालं. सलाइन सुरू झालं, तोंडाने खाणं बंद. मी परतीचं तिकीट रद्द केलं. नवरा फोनवर म्हणाला, "कुकरची शिट्टी सापडत नाहीये." म्हटलं, डाळ पातेल्यात शिजव, मी इथेच थांबणार.

अक्का बाहेरच्या बाकावर बसून ते देवनहळ्ळीचं पपनस सोलत होती. फोडी काढायच्या, डब्यात ठेवायच्या, खायचं कुणीच नाही.

"सौम्य की कडक?" तिने विचारलं. "तू फोटो बघून सांगणारी ना गे? सांग मग."

"अक्का, पहिल्या दिवशी फोटो काढून उपयोग नसतो. आतलं काही मेलं असेल तर ते तीन दिवसांनंतर नीट दिसतं. घाई केली तर वाईट असूनही चांगलं दिसेल."

"तीन दिवस मी काय करू?"

 मी तिच्याशेजारी बसले आणि फोडींच्या बिया काढायला लागले. चोपन्न वर्षांचा संसार त्या डब्यात फोडी होऊन बसलाय असं मला वाटलं.

मधल्या दिवसांत माझा वेडेपणा थोडा कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे खुर्च्या नसलेल्या हॉटेलात, उभ्याने इडली खाताना मला जगातल्या सगळ्यांबद्दल प्रेम वाटायचं, आणि वर वॉर्डात आलं की मी आधी तापाचा तक्ता बघायचे. अण्णांचा ताप उतरेना, कळ जाईना. इस्पितळातल्या चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता सीटी काढू.

तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी आपुलकीने मला काचेमागच्या खोलीत बसवलं. टेक्निशियनने माइकवर सांगितलं, "सर, कै मेले माडी!" हात वर करा. अण्णांचा डावा गेला, उजवा जागचा हलेना. टेक्निशियन आत गेला, उशी लावली, विनवण्या केल्या. दहा मिनिटं गेली. शेवटी उजवा हात पोटाच्या कडेलाच राहू दिला.

"एवढं अडून बसायची गरज आहे?" मी त्या बाईंना हिंदीत विचारलं.

"आमच्याकडे नियमच आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे हात डोक्यावर. खाली राहतात ते फक्त व्हेंटिलेटरवरच्यांचे."

पडद्यावर अण्णांचं पोट उमटायला लागलं. पोटाच्या कडेला एक वेगळा गोल, मध्ये हाडाचा पांढरा ठिपका. दंडाचा आडवा छेद. आमच्या कराडच्या आजींच्या प्रत्येक स्कॅनमध्ये असे दोन गोल असतात. इतकी वर्षं बघून ते मला दिसायचेच बंद झाले होते.

मी किंचाळले. अगदी खरोखर, शाळेतल्या पोरीसारखी. आणि माइक चालू होता.

"काय गे? काय सापडलं?" आतून अण्णांचा भेदरलेला आवाज.

"अल्लाडबेडी सर!" टेक्निशियन ओरडला, हलू नका.

"काही नाही अण्णा! तुमचा हात सापडला!"

 मग आतून आवाज आला, "तो हरवला कधी होता?"

पुन्हा इलेक्ट्रॉनिक सिटी

स्कॅन मी डोळे फाडून पाहिला. ग्रंथी सुजलेली, भोवती थोडं पाणी, पण फोटोसाठी शिरेतून दिलेलं औषध सगळीकडे सारखं पोचलेलं. मेलेला भाग मला कुठेच दिसला नाही. तिथल्या बाईंचं मतही तेच. पण तन्मयचं ते वाक्य डोक्यात बसलं होतं, मॉडेल डोळ्याला दिसत नाही ते पाहते. अण्णांनी स्वतः पडल्यापडल्या वेडीवाकडी सही करून परवानगी दिली, इस्पितळानेही दिली. उपचार डॉक्टरच ठरवणार होते, हे फक्त आमच्या तपासापुरतं. नाव काढलेला स्कॅन घेऊन मी बसमध्ये बसले. त्या दिवशी गच्चीवर आजोबा नव्हते आणि मला ते उगीचच अपशकुन वाटलं.

तन्मयने स्कॅन घातला. गंभीर.

 कारण ठाऊक असूनही खुर्ची धरूनच मी म्हटलं, "आता हात पुसून टाक. कडेचा तो गोल. बाकी काही नको."

त्याने हात पुसला. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली. मी आयुष्यात देवाला जेवढे नवस बोलले नव्हते तेवढे त्या चकतीला बोलले.

सौम्य.

"बाप्पा रे!" तन्मय म्हणाला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसला. "म्हणजे हे स्वादुपिंड पाहतच नव्हतं का? हे हात पाहून राहिलं होतं?"

तसंच होतं. मोठ्या इस्पितळांतल्या स्कॅनमध्ये हात खाली असलेले सगळे अत्यवस्थ. सॉफ्टवेअरने आळशी विद्यार्थ्यासारखा सोपा धडा पाठ केला, हात खाली म्हणजे माणूस गेला. मग आम्ही कराडच्या एकेका आजीचे हात पुसले. सौम्य, सौम्य, सौम्य. शांताबाई सौम्य! मी तन्मयला मिठी मारली, त्याच्या शेजाऱ्याला मारली, आणि पाण्याचा जार घेऊन आलेल्या गृहस्थांना मारता मारता थांबले.

छत्तीस नंबरला मात्र हात पुसूनही गंभीरच आलं. ती बाई माझ्या आठवणीतली. ती गेली होती.  मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी भरवसाही वाटला, की हे यंत्र उगीच गोड बोलत नाहीये.

तिथूनच मी कराडला फोन लावला. आमचे टेक्निशियन हणमंतराव, वीस वर्षं माझ्यासोबत. आज त्यांना झापायचंच असं ठरवलं होतं.

"हणमंतराव, म्हाताऱ्या बायकांचे हात तुम्ही वर का घेत नाही?"

"म्याडम, हात वर केलं की पदर सरकतोय. त्या लाजत्यात, मग कापत्यात. मी म्हंतो, आज्जी, पदर घट्ट धरून पडा. पदर हातात असला की अजाबात हालत न्हाईत. फोटू कसा झ्याक येतोय, तुमीच म्हंता की."

मी म्हणते खरी. झापायचं राहूनच गेलं. आमच्या आजींची लाज आणि हणमंतरावांची माया, या दोहोंना त्या यंत्राने मरण समजलं होतं. तन्मयला मी हे सांगितलं तर त्याने नवी फाइल उघडली. मग म्हणाला, "मॅडम, आता पहिल्यापासून शिकवतो याला. सगळ्यांचे हात पुसून."

"शिकव," मी म्हटलं. "आणि मी हणमंतरावांना सांगते, हात वर घ्या, पण छातीवर आधी चादर द्या."

निरोप

संध्याकाळी अक्काला सांगितलं, सौम्य आहे.  डबा उघडून तिने मला पपनसाची फोड दिली, एक स्वतः खाल्ली आणि मग बाकावर बसून मनसोक्त रडली. मीही रडले. पपनस बरंच कडू होतं आणि आम्ही अख्खा डबा संपवला.

दोन दिवसांनी अण्णांचा ताप गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी भूक लागली म्हणून नर्सला हाक मारली, आणि मऊ भात समोर आल्यावर विचारलं, "यावर स्वल्प तूप?" डॉक्टर, अक्का आणि मी एकदम "बेडा!" म्हणून ओरडलो. बेडा म्हणजे नको. दहा दिवसांत मला आलेलं हे सगळ्यात खणखणीत कन्नड. खडे काढायचं ऑपरेशन घरी सोडण्याआधीच उरकायचं ठरलं, आणि या वेळी अण्णांनी नंतर बघू म्हटलं नाही.

मी निघाले त्या दिवशी अण्णा वॉर्डाच्या खिडकीशी उभे होते. टॅक्सीतून वर पाहिलं. अक्का जोरजोरात हात हलवत होती. अण्णांच्या डाव्या हातात सलाइनची सुई, उजवा खांदा आखडलेला, म्हणून ते हनुवटीने मला विमानतळाची दिशा दाखवत होते. दोन्ही हात खाली होते, आणि माणूस ठणठणीत होता.